पोटॅशियमची पूरक औषधे : गरज, माप आणि सावधगिरी

(व्हाइटफील्ड, बेंगळूरु येथील मराठीभाषक कुटुंबे आणि दवाखान्यात येणारे रुग्ण यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण पोटॅशियम या क्षाराविषयी बोलणार आहोत. केळी, शहाळे, पालक, बटाटा, डाळी अशा रोजच्या अन्नातून तो आपल्या शरीरात जातो. औषधांच्या दुकानात तो गोळी आणि पातळ औषध या रूपांत मिळतो. अलीकडे तर तो स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीतही आला आहे. योग्य प्रमाणात तो जीवनावश्यक आहे. प्रमाण चुकले, तर मात्र तोच हृदयाची गती बिघडवू शकतो. म्हणून हे औषध कोणी घ्यावे, किती घ्यावे आणि कोणी मुळीच घेऊ नये, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे आवश्यक आहे.

व्हाइटफील्डमध्ये या विषयाला विशेष महत्त्व आहे. येथील अनेक मराठी कुटुंबांत मुलगा, मुलगी किंवा सून नोकरीनिमित्त स्थायिक झालेली असतात आणि आईवडील पुणे, सांगली, नागपूर किंवा बेळगावहून काही महिने राहावयास येतात. त्यांच्या रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली असतात. येथे आल्यावर दुखणे निघाले, की दुसरे डॉक्टर दुसरी चिठ्ठी लिहून देतात. याच परिसरात श्री सत्य साई इन्स्टिट्यूट ऑफ हायर मेडिकल सायन्सेस हे जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेले रुग्णालय आहे. तेथे हृदयविकार आणि मेंदूविकारांवर विनामूल्य उपचार होत असल्याने परराज्यांतूनही रुग्ण येतात. हृदयविकाराच्या उपचारानंतर घरी जाताना अनेक रुग्णांच्या औषधांत लघवीची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि कधी कधी पोटॅशियमचे पातळ औषधही असते. दोन गावांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना ठाऊक नसतात. त्या एकत्र वाचण्याचे काम घरातील माणसांनाच करावे लागते.

शरीरात पोटॅशियम काय करते?

आपल्या शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात त्याचा अगदी लहान अंश असतो आणि तपासणीत मोजला जातो तो हाच अंश. त्याचे प्रमाण साधारणतः दर लिटरला ३.५ ते ५.० मिलिमोल इतके असावे लागते; प्रयोगशाळेनुसार ही मर्यादा किंचित बदलते. पेशीच्या आतील आणि बाहेरील पोटॅशियमच्या या फरकावरच मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंची हालचाल आणि हृदयाचा ठोका चालतो. म्हणून रक्तातील आकडा थोडा वर किंवा खाली गेला, तरी त्याचा परिणाम मोठा होतो.

अन्नातून आलेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के जादा भाग मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निरोगी असतील, तर दोन केळी अधिक खाल्ल्याने काही बिघडत नाही. परंतु मूत्रपिंडे मंदावली असतील किंवा एखादे औषध त्यांना पोटॅशियम धरून ठेवावयास लावत असेल, तर तोच क्षार रक्तात साचत जातो. या विषयातील सगळ्या सूचनांचे मूळ येथेच आहे.

पूरक औषध केव्हा दिले जाते?

रक्तातील पोटॅशियम कमी झाल्याचे तपासणीत दिसल्यावर, किंवा ते कमी होण्याची मोठी शक्यता असताना, डॉक्टर हे औषध देतात. फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या लघवीच्या गोळ्यांमुळे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. दीर्घकाळ चाललेल्या उलट्या-जुलाबांतही त्याची घट होते. शरीरात मॅग्नेशियम कमी असेल, तर पोटॅशियम कितीही दिले तरी टिकत नाही. म्हणून कधी कधी डॉक्टर दोन्ही तपासतात.

पोटॅशियम कमी झाल्यास अशक्तपणा, पायांत गोळे येणे, बद्धकोष्ठता, छातीत धडधड अशा तक्रारी उद्भवतात. मात्र याच तक्रारी थकवा, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय अशा कितीतरी कारणांनी होतात. पायांत गोळे आले म्हणून शेजाऱ्यांच्या घरातील उरलेली बाटली आणून घेणे धोक्याचे आहे. पोटॅशियम कमी आहे की नाही, याचे उत्तर रक्ततपासणीच देऊ शकते.

मूतखड्याच्या काही रुग्णांना पोटॅशियम सायट्रेट असलेले पातळ औषध दिले जाते. ते 'खड्याचे औषध' म्हणून घरात ओळखले जाते आणि त्यात पोटॅशियम आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूत्रपिंडे क्षीण झालेल्या व्यक्तीने ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

माप समजून घ्या

आपल्याकडे मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ औषधात बहुधा १५ मिलिलिटरमध्ये १.५ ग्रॅम क्षार असतो, म्हणजे २० मिलिमोल पोटॅशियम. लेबलवर हाच आकडा '२० एमईक्यू' असाही छापलेला असतो. पोटॅशियमच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ एकच. सावकाश विरघळणाऱ्या ६०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ८ मिलिमोल पोटॅशियम असते. परदेशातील नातलग जी पूरक गोळ्यांची डबी आणतात, तिच्यातील एका गोळीत पुष्कळदा ९९ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच मिलिमोल पोटॅशियम असते. तिन्हींना आपण 'पोटॅशियमचे औषध' म्हणतो, पण त्यांच्या बळात मोठा फरक आहे. म्हणून एका प्रकाराऐवजी दुसरा प्रकार मनाने घेऊ नये आणि दुकानदाराने बाटली बदलून दिल्यास लेबलवरील माप पुन्हा वाचावे.

आता मिठाचा हिशेब पाहा. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे विकले जाते, त्यात साध्या मिठाचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. हे प्रमाण ३० टक्के असेल, तर अशा ५ ग्रॅम मिठात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. म्हणजे दिवसभरात एक लहान चमचा असे मीठ खाणारी व्यक्ती वर सांगितलेल्या पातळ औषधाच्या १५ मिलिलिटरइतकाच क्षार अन्नातून घेत असते. लोणचे, पापड, चटणी आणि आमटी मिळून ८ ग्रॅम मीठ पोटात जात असेल, तर तो दीड मात्रेहून अधिक होतो. औषधाची बाटली आपण डॉक्टरांना दाखवतो; मिठाची पुडी दाखवत नाही.

याचा अर्थ हे मीठ वाईट आहे, असा नव्हे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार व्यक्तींवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे तेलंगणातील सिद्दीपेट जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या अभ्यासातही उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा रक्तदाब अशा मिठाने उतरलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरातील वापरासाठी या मिठाची सशर्त शिफारस केली. तिच्यातील अट मात्र फार महत्त्वाची आहे : ही शिफारस सर्वसाधारण प्रौढांसाठी आहे. गर्भवती स्त्रिया, मुले, मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशा व्यक्ती यांच्यासाठी ती नाही.

मुलासुनेने आपल्या आरोग्यासाठी हे मीठ आणले असेल आणि त्याच भांड्यातील आमटी मूत्रपिंडाचा विकार असलेले सासरे जेवत असतील, तर एकाचा लाभ तो दुसऱ्याचा धोका ठरतो. अशा घरात सर्वांसाठी साधे आयोडीनयुक्त मीठच कमी प्रमाणात वापरावे. सैंधव मीठ हे कमी सोडियमचे मीठ नव्हे. तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

पुढीलपैकी एकही गोष्ट आपल्याला लागू असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पोटॅशियमचे औषध, कमी सोडियमचे मीठ किंवा 'इलेक्ट्रोलाइट'ची पावडर घेऊ नये :

• मूत्रपिंडाचा जुना विकार, डायलिसिस किंवा वाढलेले क्रिएटिनिन.
• बऱ्याच वर्षांचा मधुमेह. अशा रुग्णांत मूत्रपिंडांची पोटॅशियम बाहेर टाकण्याची क्षमता लक्षणांवाचून कमी झालेली असू शकते.
• हृदयाची दुर्बलता, किंवा अधिवृक्क ग्रंथीचा ॲडिसन हा विकार.
• एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या.
• स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा अमिलोराइड. याही लघवीच्या गोळ्या आहेत, पण त्या पोटॅशियम धरून ठेवतात.
• प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही औषधे.

यांशिवाय दोन औषधे सहजपणे घरात येतात. पहिले म्हणजे गुडघेदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. दुसरे म्हणजे लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे ट्रायमेथोप्रिमयुक्त प्रतिजैविक, म्हणजेच को-ट्रायमोक्साझोल. तेही पोटॅशियम वाढवते.

धोका बहुधा एका औषधाने येत नाही. तो बेरजेने येतो. एक उदाहरण कल्पून पाहा. सत्तरीच्या एका आजी टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन घेत आहेत. गुडघे दुखतात म्हणून आठवडाभर डायक्लोफेनॅक सुरू झाले. घरात कमी सोडियमचे मीठ आहे. अशक्तपणा वाटतो म्हणून रोज शहाळे दिले जाते. यांतील प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने केलेली आहे आणि एकेकटी पाहता साधी वाटते. चारही एकत्र आल्या, की रक्तातील पोटॅशियम काही दिवसांत घातक पातळीवर जाऊ शकते. आणि आजींना जाणवणारा वाढता अशक्तपणा पाहून घरचे आणखी एक शहाळे फोडतात.

अन्नाचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांना दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम अन्नातून घेण्यास सुचवले आहे. डाळी, पालेभाज्या, रताळी, बटाटे, टोमॅटो, फळे आणि दही यांनी युक्त जेवणातून ते मिळते. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. व्हाइटफील्डच्या बाजारातील येलक्की केळे लहान, म्हणून त्यात तेवढे कमी. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात ५०० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत असते. निरोगी माणसाने पूरक गोळीपेक्षा ताट सुधारावे, हेच योग्य.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचा नियम वेगळा आहे. येथे गाडीवर मिळणारे एळनीर, म्हणजे आपले शहाळे, आजाऱ्याला भेटावयास जाताना प्रेमाने नेले जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र ते डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. उपासाच्या दिवशी बटाटा, रताळे, राजगिरा, शेंगदाणे आणि केळी एकत्र येतात, हेही ध्यानात असावे. बटाटे आणि भाज्या सोलून, लहान तुकडे करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम बरेच कमी होते. मात्र पथ्य किती पाळावे, हे रक्ताच्या अहवालावर ठरते. भीतीपोटी सर्व भाज्या-फळे बंद करणेही हितकारक नाही.

औषध कसे घ्यावे?

१. पातळ औषध मापाच्या टोपीनेच घ्यावे. स्वयंपाकघरातील चमचे लहानमोठे असतात.

२. ते नेहमी पेलाभर थंड पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोट-घोट प्यावे. न मिसळता घेतल्यास मळमळ, पोटदुखी आणि पोटात जळजळ होते.

३. सावकाश विरघळणारी गोळी बसून किंवा उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर अखंड गिळावी. ती चावू, कुटू किंवा चोखू नये. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण होऊ शकतो. गिळण्यास त्रास होत असेल, तर डॉक्टरांना सांगून पातळ औषध घ्यावे.

४. एखादी मात्रा राहिली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

५. औषध किती दिवस घ्यायचे, हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पाच दिवसांसाठी दिलेली बाटली पाच महिने चालू ठेवू नये. लघवीची गोळी डॉक्टरांनी बंद केली, तर 'पोटॅशियमचे औषधही बंद करायचे का?' हा प्रश्न त्याच वेळी विचारावा.

६. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, खोकल्याच्या औषधापासून दूर ठेवावी.

काळी विष्ठा, रक्ताची उलटी किंवा पोटात तीव्र वेदना झाल्यास औषध थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

तपासणी

औषध सुरू केल्यावर, मात्रा बदलल्यावर किंवा वर सांगितलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची भर पडल्यावर, साधारणतः एक ते दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासले जाते. नेमकी मुदत आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलीच पाळावी. रक्त घेताना मूठ वारंवार आवळली किंवा नमुन्यातील रक्तपेशी फुटल्या, तर आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी डॉक्टर पुन्हा तपासणी करतात. परंतु 'खोटाच असेल' असे आपणच ठरवून अहवाल बाजूला ठेवू नये. ५.५ च्या वरचा आकडा त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावा. ६ आणि त्यावरील आकडा असल्यास थांबू नये, रुग्णालयात जाऊन ईसीजी करून घ्यावा.

धोक्याच्या खुणा

रक्तात पोटॅशियम वाढल्यास हातापायांतील शक्ती जाणे, मुंग्या येणे, मळमळ, नाडी मंद किंवा अनियमित होणे, चक्कर, धाप अशी लक्षणे दिसतात. पुष्कळदा कोणतेही लक्षण दिसत नाही आणि पहिली खूण थेट हृदयाच्या ठोक्यातच उमटते. म्हणून 'काही त्रास नाही' एवढ्यावर विसंबून तपासणी टाळू नये. वर सांगितलेल्या व्यक्तींपैकी कोणाला अशी लक्षणे दिसली, किंवा कोणी, विशेषतः मुलाने, चुकून अधिक औषध घेतले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची बाटली आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

उलट्या-जुलाबांच्या दिवसांत

शरीरातील पाणी कमी झाले, की मूत्रपिंडांचे काम मंदावते. अशा वेळी रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या, तसेच पोटॅशियमचे औषध चालू ठेवावे की काही दिवस थांबवावे, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. स्वतः निर्णय घेऊ नये. जुलाबांत ओआरएस हे उत्तम औषध आहे. एका लिटर पाण्यात तयार केलेल्या प्रमाणित ओआरएसमध्ये २० मिलिमोल पोटॅशियम असते. म्हणून पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच, पूर्ण विरघळवावी. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ते किती द्यावे, हे विचारून घ्यावे. बाजारातील प्रत्येक गोड पेय ओआरएस नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, प्रमाणित सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. व्यायामशाळेत घेतल्या जाणाऱ्या पावडरींची लेबलेही याच दृष्टीने वाचावीत.

आज घरी गेल्यावर करावयाच्या गोष्टी

• स्वयंपाकघरातील मिठाच्या पुडीचे लेबल वाचा. त्यावर 'पोटॅशियम क्लोराइड' असे शब्द किंवा 'के-सी-एल' ही खूण आहे काय, ते पाहा.
• घरातील ज्येष्ठांच्या सर्व औषधांची एकच यादी करा : नाव, मात्रा, केव्हापासून आणि कोणी दिले. गावाकडची आणि येथील, दोन्ही चिठ्ठ्या त्यात धरा. वेदनाशामके, पावडरी, काढे आणि मीठ हेही लिहा.
• ती यादी आणि शेवटचा रक्ताचा अहवाल प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवा. जवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही हा सल्ला मागता येतो. भाषेची अडचण असेल, तर कन्नड जाणणाऱ्या व्यक्तीला सोबत न्या. अर्धवट समजलेल्या सूचनेवर औषध घेऊ नका.
• औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असल्यास डॉक्टरांना सांगा. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही तो नोंदवता येतो.

या मजकुरामुळे कोणीही डॉक्टरांनी दिलेले पोटॅशियमचे औषध भीतीने बंद करू नये. ज्याला त्याची गरज आहे, त्याच्यासाठी ते न घेणे हेही तितकेच धोक्याचे आहे. आपले आईवडील गावाहून येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत औषधांचा डबा असतो. तो डबा, येथील चिठ्ठी आणि मिठाची पुडी एकदा एकत्र टेबलावर मांडा आणि डॉक्टरांना दाखवा. एवढी दक्षता घेतल्यास पुष्कळ अनर्थ टळतात.

 आपल्या कुटुंबास उत्तम आरोग्य लाभो.